गस्तीची बोट किती दिवस पाण्यात होती? किनाऱ्यावरच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरून विधानसभेत आणि विधान परिषदेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानमंडळ, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

१८ ऑगस्ट २०२२ ला विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं आणि इकडे हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक सोळा मीटर लांबीची बोट लागली. आत माणूस नाही. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. दहीहंडी आणि गणपती तोंडावर आलेले. जिल्हाभर नाकाबंदी झाली, टीव्हीवाल्यांच्या गाड्या श्रीवर्धनच्या घाटातून उतरायला लागल्या. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात निवेदन केलं. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, निघालेली मस्कतहून युरोपकडे. २६ जूनला इंजिन बिघडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेनं वाचवून ओमानच्या हवाली केलं, रिकामी बोट मात्र प्रवाहाबरोबर वाहत इथवर आली. घातपाताचा संशय नाही.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. इतकं सविस्तर उत्तर त्याच दिवशी मिळालं, हे सरकारच्या पदरात टाकायलाच हवं. पण नंतरचा प्रश्न कुणी विचारला का? जवळजवळ आठ आठवडे एक रिकामी बोट शस्त्रांसकट अरबी समुद्र ओलांडत होती. ती सापडली कुणाला? रडारला नाही, गस्तीला नाही. वाळूत येऊन रुतल्यावर गावच्या लोकांना सापडली.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २०११ च्या जूनअखेरीस ‘एमटी पवित’ नावाचा टँकर ओमानजवळच खलाशांनी सोडून दिला. बुडाला असंच धरून चालले सगळे. ३१ जुलैला तो जुहू-वर्सोव्याच्या वाळूत येऊन बसला. सव्वीस अकराला तीन वर्षंही झाली नव्हती, किनारा सुरक्षेवर रोज भाषणं होत होती, आणि अख्खा टँकर मुंबईच्या चौपाटीवर न विचारता आला.

दोन्ही प्रसंगांतलं साम्य आमच्याकडच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारा, तो लगेच सांगेल. पावसाळा. नैऋत्येचं वारं आणि प्रवाह पलीकडे सुटलेलं सगळं इकडे आणून टाकतात. नेमक्या त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, मासेमारीला बंदी असते. बंदी योग्यच आहे, माशांनी अंडी कधी घालायची? पण एरवी त्या पाण्यावर पसरलेले आमच्या बोटींचे हजारो डोळे तेव्हा बंदरात जाळी विणत बसलेले असतात. गस्तीच्या लहान बोटी त्या लाटांत बाहेर काढता येत नाहीत, तो काही पोलिसांचा दोष नाही. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने, जेव्हा समुद्र सगळ्यात जास्त काही आणून टाकतो, तेव्हा बघणारं सगळ्यात कमी असतं. यावर तुमच्यापैकी कुणी लक्षवेधी लावली असेल तर मला जरूर कळवा. मी ती छापून सोसायटीच्या फळ्यावर लावीन.

हो, मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचं कागदोपत्री काम बघतो. पक्ष कुठलाच नाही. मत दरवेळी देतो.

आमच्या तालुक्याचा सुरक्षेशी संबंध जुना आहे आणि तो अभिमानाचा नाही. दिवेआगरहून श्रीवर्धनला येणारा समुद्राकाठचा रस्ता आता पर्यटकांचा लाडका झालाय. गाड्या थांबवून फोटो काढतात. त्या वाटेवर शेखाडी लागतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स तिथं उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्याआधी जानेवारीत दिघीला एक माल उतरला होता, तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्याही होत्या. मग सौदा झाला. रोख पुरी पडेना म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि गाड्या पुढे गेल्या. टाडा न्यायालयानं ज्यांना दोषी धरलं त्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते.

ही गोष्ट मी मुद्दाम उगाळतोय. तेव्हा रडार नव्हतं, ड्रोन नव्हते, बायोमेट्रिक कार्डं नव्हती. तरी गाडी अडली होती. ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं. कमी पडलं ते यंत्र नव्हतं. आणि गोंडघर फाट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तिथं कोण नेमतं, कुणाच्या शिफारशीनं नेमतं आणि किती दिवस तिथं राहू देतं, हा प्रश्न थेट तुमच्या दारात येतो.

रागावू नका, पण तालुक्यात सगळ्यांना माहीत असतं. पोलीस ठाण्याला नवे साहेब आले की पहिली चर्चा, ‘कोणाचे?’ कुठल्या गावचे, कसे, हे मागाहून. आमदारांचे, माजी आमदारांचे, की पालकमंत्र्यांचे. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सांगितलं की ठाण्याच्या प्रमुखाला निदान दोन वर्षं राहू द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा. २०१४ मध्ये आपल्या विधिमंडळानं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तसं मंडळही केलं. कायदा तुमच्याच सभागृहानं केलाय. मग बदलीसाठीची तुमची शिफारसपत्रं बंद झाली का? ज्या अधिकाऱ्याला खाडी कुठं वळते, कुठल्या ओहोटीला कुठला दगड उघडा पडतो, कुठल्या वाडीत कोण नवा भाडेकरू आलाय हे कळायलाच वर्ष लागतं, त्याला दीड वर्षात उचलून नेण्यात तुमचा हात नसेल, एवढं जरी झालं तरी किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते मोठं काम आहे. त्याला निधी लागत नाही. त्याचं उद्घाटनही करता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो.

उद्घाटनावरून आठवलं. सीसीटीव्ही.

आमदारांचा स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटी आहे. त्यातून कॅमेरे लागतात, चांगली गोष्ट आहे. एका जेट्टीवरचा कॅमेरा मी रोज बघतो. नाव नको, कारण हे बऱ्याच ठिकाणचं आहे. खांबाला निळा बोर्ड, ‘यांच्या प्रयत्नातून’. दुसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्यानं डबीचे स्क्रू खाल्ले. कॅमेऱ्याची मान खाली पडली, आणि तेव्हापासून तो खांबाच्या बुडाशी झोपणाऱ्या कुत्र्यावर चोवीस तास नजर ठेवून आहे. कुत्रा सुखरूप आहे. दुरुस्ती कोणाची, ग्रामपंचायतीची, पोलिसांची की ठेकेदाराची, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण पुढचं टेबल दाखवतो. बोर्डाचा रंग मात्र अजून उडालेला नाही.

विकत घेतलेल्या वस्तूचं पुढं काय होतं, हा प्रश्न सभागृहात विचारायला फार कंटाळवाणा वाटत असणार. पण सुरक्षेचा नव्वद टक्के भाग कंटाळवाणाच आहे. सव्वीस अकरानंतर किती वस्तू आल्या! सागरी पोलीस ठाणी उभी राहिली. वेगवान बोटी आल्या, पाण्यात आणि वाळूवर दोन्हीकडे चालणाऱ्यासुद्धा. फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो पथक झालं. किनारा सुरक्षेची केंद्राची योजना तर २००५ पासूनची, म्हणजे हल्ल्याच्याही आधीची. २०११ पासून तिचा दुसरा टप्पा. दरवेळी आकडा ऐकायला मिळतो तो खरेदीचा. अमुक बोटी दिल्या, तमुक ठाणी केली. बोट पाण्यात किती दिवस होती, हे कोणी विचारत नाही. इंजिनाचा एक सुटा भाग परदेशातून यायचा म्हणून ती किती महिने धक्क्याला बांधून होती? महिन्याला डिझेल किती मंजूर, किती मिळालं? चालवणारा सारंग कायम नोकरीतला की कंत्राटावरचा? बोट चालवता येणारा माणूस सुट्टीवर गेला की बदली कोण? आमच्याकडे बोट बांधणाऱ्यापेक्षा ती चालती ठेवणाऱ्याला जास्त मान असतो, कारण बांधण्याचा खर्च एकदाच होतो.

राम प्रधान समिती तुम्हाला आठवत असेल. ३० डिसेंबर २००८ ला नेमली, माजी गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन, दोघंच सदस्य. अहवाल काही महिन्यांत तयार झाला, सभागृहासमोर यायला मात्र २००९ चं डिसेंबर उजाडलं. समुद्रमार्गानं हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधीपासून येत होत्या, त्या एका टेबलावरून दुसऱ्यावर गेल्या आणि तिथंच राहिल्या, हा त्यातला मला सगळ्यात जास्त टोचलेला भाग. त्या अहवालावर सरकारनं तेव्हा जी आश्वासनं दिली, त्यातली किती पुरी झाली? विधिमंडळात शासकीय आश्वासन समिती असते. तिचं कामच हे. तुमच्यापैकी कोणी त्या समितीवर असेल, तर जुनी फाइल एकदा मागवून बघा. आणि लोकलेखा समितीवर असाल तर खरेदीच्या पावत्यांसोबत लॉगबुक मागवा. पावती खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते.

गेल्या वर्षीचं एक सांगतो. जनसुरक्षा विधेयक तुम्ही केवढं गाजवलंत. संयुक्त समिती बसली, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध जे बोलायचं ते बोलून झालंय, मला त्यात आज पडायचं नाही. संघटनेवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारच्या हाती देताना विरोधी बाकांनी अजून जोरात विचारायला हवं होतं, एवढंच माझं मत. पण त्या चर्चेचे तास मोजा आणि सागरी पोलिसांच्या अनुदानाच्या मागणीवर कपात सूचना देऊन किती मिनिटं बोललात ते मोजा. ‘सुरक्षा’ हा शब्द कायद्याच्या नावात असला की सभागृह भरतं. डिझेलच्या हिशेबात असला की कोरमची घंटा वाजते.

आता आमच्या बाजूचं, कारण सगळं तुमच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही.

बोट सुटायच्या आधी टोकन होतं. बोटीचा नंबर, तांडेलाचं नाव, खलाशी किती. हंगाम सुरू होताना, नारळी पुनवेच्या आसपास, खलाशांची यादी आणि आधारच्या झेरॉक्स आमच्याकडे येतात. खलाशी आता गावचे कमी. नेपाळचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत. त्यांच्याशिवाय इथली एक बोट सुटणार नाही, हे आधी मान्य करू. पण गणपतीनंतर दोघं गावी जातात. दिवाळीत एक जण शेजारच्या बोटीवर जातो, कारण तिथला नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, उचल जास्त देतो. त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ येतो. यादी मात्र ऑगस्टचीच राहते. पुढं कधी बोटीला अपघात झाला की मग शोधाशोध: बुडाला तो नक्की कोण? यात नाखव्याचा आळस आहेच. पण यादी पुन्हा पुन्हा भरायची तर घेणारा हवा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या एकेका परवाना अधिकाऱ्याकडे अनेक बंदरं असतात. तो आमच्याकडे येतो तेव्हा बोटी समुद्रात, आणि बोटी येतात पहाटे तीनला. प्रत्येक मोठ्या बंदरावर पहाटेच्या पाळीला एक माणूस आणि एक टॅब, इतकंच मागणं आहे. गावातल्या बारावी झालेल्या पोरीही हे काम करतील. लिलावाला मासळीच्या पाट्या घेऊन पहाटे बसणाऱ्या त्यांच्या आया बंदरावरचा प्रत्येक नवा चेहरा टिपतातच. त्यांना आजवर कोणी काही विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

विचारणं, आणि विचारल्यावर ऐकणं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडला बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरलेली पोरं पहिल्यांदा दिसली ती कोळ्यांनाच. त्यांनी हटकलंही. उर्मट उत्तर मिळालं. पुढचं जगाला माहीत आहे. तेव्हापासून आम्हाला सांगतात, तुम्ही किनाऱ्याचे ‘डोळे आणि कान’. सागर रक्षक दल झालं, ओळखपत्रं झाली, ‘सागर कवच’च्या कवायती होतात, किनारा सुरक्षेसाठीचा १०९३ हा नंबर भिंतीवर रंगवला. छान. पण ज्या कोळ्याला तुम्ही डोळे म्हणता, त्याचा फोन लागल्यावर काय होतं? परराज्यातल्या मोठ्या ट्रॉलर्स बारा सागरी मैलांच्या आत शिरून आमची जाळी फाडून जातात, तेव्हा हाच माणूस फोन करतो. मत्स्यव्यवसाय म्हणतं गस्तीची नौका दुसऱ्या बंदराला आहे. पोलीस म्हणतात हे मत्स्यव्यवसायचं. जानेवारी २०२५ पासून ड्रोन आलेत, त्यानं थोडा फरक पडला तर आनंदच आहे. पण दहा वेळा फोन करून एकदाही कोणी न आल्यावर, अकराव्या वेळी परकी होडी दिसली तर तो खिशातून मोबाइल काढेल की जाळं ओढत राहील? उलट बहुतेक वेळा फोन करणाऱ्यालाच ठाण्यात बोलावून तीन तास बसवतात: तू तिथं काय करत होतास, कागद दाखव, बोटीचा विमा कुठाय. एक दिवसाची मासळी गेली. पुढच्या वेळी तो डोळे मिटून घेतो. सुरक्षेच्या दृष्टीनं आणि मासेमारीच्या दृष्टीनं आलेल्या फोनांना उत्तर देणारा कक्ष एकच करा. आमच्यासाठी समुद्र एकच आहे. खाती तुम्ही केलीत.

आणि तो फोन लागेल का, हाही प्रश्नच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. दुपारनंतर एकही मोबाइल वाजला नाही. टॉवर आडवे, विजेचे खांब आडवे, सुपारीच्या वाड्या आडव्या. पुढचे कित्येक दिवस निरोप द्यायचा तर मोटारसायकलवर माणूस पाठवावा लागे, तोही पडलेली झाडं तोडत तोडत. त्या दिवसांत कोणी शेखाडीला काहीही उतरवलं असतं तरी श्रीवर्धनला कळायला दुसरा दिवस लागला असता. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात वीज गेली तरी चालणारा एक वायरलेस संच आणि सोलर पॅनेल बसवायला किती खर्च येतो? एका कमानीपेक्षा कमी. वादळात तर तो उपयोगी पडेलच.

सुरक्षा म्हटली की नजर फक्त समुद्राकडे जाते, त्याचंही एक सांगायचं राहिलं. दिवेआगरच्या सुवर्णगणेशावर २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला, दोन राखणदार मारले गेले. गणपतीचा मुखवटा चर्चेत राहिला. त्या दोघांच्या वयाचे आणि त्यांच्याइतकेच निःशस्त्र राखणदार अजून किती देवळांत, बँकांच्या एटीएममध्ये, आंब्याच्या गोदामांत रात्र काढतात, ते एकदा आपापल्या तालुक्यात फिरून बघा. गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ १८ डिसेंबर २०२४ ला बुडाली, नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली, पंधरा जणांचा जीव गेला. दिघी-आगरदांड्याच्या फेरीत बसताना तुमच्यापैकी किती जणांनी लाइफ जॅकेट मागून घेतलंय? मागितलंत तर मिळेल, आमदार आहात. पुढच्या खेपेला गावातल्या म्हातारीनंही मागितलं तर मिळतं का, तेही बघा.

अधिवेशन पुन्हा येईल. प्रश्न तयार करायला वेळ नसतो, कागदपत्रं सांभाळायला माणसं कमी असतात, हे मी ऐकलंय. म्हणून तारांकित प्रश्नाचा मसुदा मीच करून देतो. खाली सही तेवढी करा. भाषा तुमच्याच छापील पुस्तिकेतली घेतली आहे.

‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) राज्याच्या किनारपट्टीवरील प्रत्येक सागरी पोलीस ठाण्याकडे गस्तीसाठी असलेली प्रत्येक बोट मागील तीन वर्षांत, महिनानिहाय, किती दिवस व किती तास प्रत्यक्ष समुद्रात होती, (२) जून व जुलै या कालावधीत, मासेमारी बंद असताना व लहान बोटी बाहेर काढणे शक्य नसताना, किनाऱ्याच्या निगराणीसाठी कोणती पर्यायी व्यवस्था आहे, (३) उक्त ठाण्यांच्या प्रभारी अधिकाऱ्यांपैकी किती जणांची बदली दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाली व ती कोणाच्या शिफारशीवरून, (४) मच्छीमारांनी १०९३ या क्रमांकावर दिलेल्या माहितीपैकी किती प्रकरणी प्रत्यक्ष जाऊन तपासणी करण्यात आली, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

तिसऱ्या उपप्रश्नाला सही करताना हात अडखळला तर तो तेवढा खोडा, बाकीचे चार पाठवा. उत्तर आलं की त्याची एक प्रत सोसायटीच्या पत्त्यावर.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक मतदार